पैसे ग्राहकाचे, किल्ली कंपनीची

दुकानातून एखादे पुस्तक विकत घेतले, की त्या प्रतीचे काय करायचे हे ठरविण्याचा अधिकार घेणाऱ्याकडे येतो. तो ते हवे तेव्हा वाचतो, शेजाऱ्याला वाचायला देतो, कोणाला वाढदिवसाला भेट देतो किंवा घरात जागा उरली नाही म्हणून जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला विकून टाकतो. उद्या ते दुकान बंद पडले किंवा प्रकाशकाने व्यवसाय गुंडाळला, तरी कपाटातील पुस्तक जागचे हलत नाही. हेच पुस्तक ई-पुस्तकाच्या रूपात घेतले, तर यांपैकी बहुतेक गोष्टी करता येत नाहीत. पडद्यावरच्या बटणावर 'विकत घ्या' असे लिहिलेले असते. प्रत्यक्षात ग्राहकाला मिळतो तो केवळ वाचनाचा परवाना, आणि तोही विक्रेत्याच्या अटींवर.

संगीत, चित्रपट, खेळ, संगणकप्रणाली या सर्वच बाबतींत गेल्या पाव शतकात हा बदल घडला आहे. या सगळ्या गोष्टी ज्या इंटरनेट जोडणीतून घरी येतात, तिच्यावरही मोजक्या कंपन्यांचेच नियंत्रण आहे. त्यामुळे पूर्ण पैसे मोजूनही आपल्या हाती काहीच नाही, ही भावना जगभरच्या ग्राहकांत बळावत गेली. हा संघर्ष मुख्यतः अमेरिकेत लढला गेला, कारण या कंपन्या आणि त्यांना संरक्षण देणारे कायदे प्रथम तेथेच उभे राहिले. त्याचे परिणाम मात्र पुण्या-मुंबईतील ग्राहकांपर्यंत पोहोचले आहेत. या संघर्षाचा हा आढावा.

मालकीचा जुना नियम

विकलेल्या वस्तूवर विक्रेत्याचा हक्क कोठे संपतो, हा प्रश्न नवा नाही. अमेरिकेतील बॉब्ज-मेरिल या प्रकाशनसंस्थेने विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या एका कादंबरीत अशी सूचना छापली होती, की एक डॉलरपेक्षा कमी किमतीला हे पुस्तक विकणे हा कॉपीराइटचा भंग समजला जाईल. न्यूयॉर्कमधील मेसीज या मोठ्या दुकानाने ती कादंबरी ८९ सेंटला विकली. प्रकाशक न्यायालयात गेला. १९०८ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की प्रत एकदा विकल्यानंतर तिच्या पुढील विक्रीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही. मजकुराच्या नव्या प्रती काढण्याचा हक्क लेखक-प्रकाशकाकडे राहतो. विकलेली प्रत मात्र घेणाऱ्याची होते. हे तत्त्व 'प्रथम विक्रीचे तत्त्व' म्हणून ओळखले जाते.

भारतीय कॉपीराइट कायद्यातही साहित्यकृतींच्या बाबतीत हाच विचार आहे. आधीच वितरणात आलेल्या प्रती या लेखकाच्या वितरणहक्काच्या कक्षेबाहेर ठेवल्या आहेत. पुण्यातील अप्पा बळवंत चौकात दर जूनमध्ये जुन्या पाठ्यपुस्तकांची उलाढाल होते किंवा मुंबईत फ्लोरा फाउंटन परिसरातील पदपथावर जुनी इंग्रजी पुस्तके मिळतात, ती याच तत्त्वाच्या आधारे. गावोगावची सार्वजनिक ग्रंथालयेही त्याच पायावर उभी आहेत. ग्रंथालय पुस्तक विकत घेते आणि ते कोणाला द्यायचे हे स्वतः ठरवते. त्यासाठी दर वेळी प्रकाशकाची परवानगी घ्यावी लागत नाही.

डिजिटल वस्तूंना हा नियम लावण्याचा प्रयत्न न्यायालयात टिकला नाही. रीडिजी या अमेरिकी कंपनीने ग्राहकांना आपली विकत घेतलेली डिजिटल गाणी दुसऱ्याला विकता यावीत, अशी व्यवस्था उभारली होती. विकणाऱ्याच्या संगणकावरील गाणे पुसले जाई आणि घेणाऱ्याकडे जाई. कॅपिटल रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रण कंपनीने दावा लावला. डिसेंबर २०१८ मध्ये अपील न्यायालयाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. न्यायालयाचे म्हणणे असे, की एका संगणकावरून दुसऱ्यावर गाणे जाते तेव्हा वस्तुतः नवी प्रत तयार होते, आणि नवी प्रत काढण्याचा हक्क ग्राहकाला नाही. तांत्रिकदृष्ट्या हा युक्तिवाद बरोबर असेल. पण जुन्या पुस्तकांच्या बाजाराला डिजिटल जगात जागा उरली नाही, हा त्याचा अर्थ.

कुलपांचा कायदा

गाण्याची किंवा चित्रपटाची डिजिटल प्रत मूळ प्रतीइतकीच चांगली असते. ध्वनिफितीची नक्कल करताना दर वेळी दर्जा घसरत असे; डिजिटल प्रतीत तसे होत नाही. या भीतीने मनोरंजन उद्योगाने वस्तूलाच कुलूप लावण्याचा मार्ग पत्करला. त्याला 'डिजिटल राइट्स मॅनेजमेंट' किंवा थोडक्यात डीआरएम म्हणतात. मजकूर सांकेतिक रूपात बंद केलेला असतो आणि तो उलगडण्याची किल्ली केवळ मान्यताप्राप्त उपकरणाला किंवा खात्याला दिली जाते.

डीव्हीडी हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. तबकडीवरील चित्रपट सांकेतिक होता आणि शिवाय जगाचे विभाग पाडून प्रत्येक विभागाला क्रमांक दिला होता. अमेरिका व कॅनडा पहिल्या विभागात, तर भारत पाचव्या. अमेरिकेतील मुलाकडून येताना आई-वडिलांनी तेथील दुकानातून रीतसर विकत आणलेली डीव्हीडी घरच्या यंत्रावर चालत नसे, त्याचे कारण हेच. तबकडी खराब नसे, यंत्रही बिघडलेले नसे. कोणता चित्रपट कोणत्या देशात केव्हा विकायचा, हे वेळापत्रक कंपनीला सांभाळायचे होते, आणि त्यासाठी ग्राहकाच्या घरातील यंत्र कंपनीची आज्ञा पाळत होते.

कुलूप लावून कंपन्या थांबल्या नाहीत. ते उघडणे हाच गुन्हा ठरावा, अशी तरतूद त्यांनी करवून घेतली. अमेरिकेत ऑक्टोबर १९९८ मध्ये 'डिजिटल मिलेनियम कॉपीराइट ॲक्ट' संमत झाला. त्यातील कलम १२०१ नुसार कुलूप तोडण्यास बंदी आहे. कुलूप तोडणाऱ्याने बेकायदा प्रती विकल्या नसल्या, स्वतः घेतलेला चित्रपट स्वतःच्या संगणकावर पाहिला एवढेच केले असले, तरी सामान्यतः ही बंदी लागू होते. दर तीन वर्षांनी काही सवलती जाहीर केल्या जातात, पण त्या मागून मिळवाव्या लागतात. नॉर्वेत योन लेक योहान्सेन या तरुणावर डीव्हीडीचे कुलूप उघडणाऱ्या, १९९९ साली प्रसृत झालेल्या प्रणालीबद्दल खटला भरण्यात आला. २००३ साली तेथील न्यायालयांनी त्याला दोषमुक्त केले. आपण विकत घेतलेली तबकडी पाहण्याचा हक्क त्याला आहे, हा मुद्दा मान्य झाला.

भारताने २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलम ६५-अ घातले. कुलूप तोडण्यास येथेही दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड आहे. मात्र कॉपीराइटच्या हक्कांचा भंग करण्याचा हेतू असेल तरच हा गुन्हा ठरतो. कायद्याने मनाई नसलेल्या कारणासाठी केलेली कृती त्यातून वगळली आहे. अमेरिकी कायद्याच्या तुलनेत भारतीय ग्राहकाला मिळालेले हे संरक्षण महत्त्वाचे आहे, आणि त्याची माहिती फार थोड्यांना असते.

तबकडीतून आलेला पाहुणा

कुलपाची मजल कोठवर जाऊ शकते, हे २००५ साली उघड झाले. सोनी बीएमजी या ध्वनिमुद्रण कंपनीच्या सुमारे ५० ध्वनितबकड्यांवर प्रती काढण्यास अटकाव करणारी एक प्रणाली होती. तबकडी संगणकात घालून तिच्यावरचा वादक-प्रोग्रॅम सुरू केला, की ही प्रणाली विंडोज संगणकात खोलवर जाऊन बसे आणि स्वतःचे अस्तित्व लपवून ठेवी. विषाणू तयार करणारे वापरतात तेच हे तंत्र. ग्राहकाला याची कल्पना दिलेली नव्हती. संगणकतज्ज्ञ मार्क रसिनोविच यांनी ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हा प्रकार जाहीर केला, तेव्हा मोठा गहजब झाला. काही दिवसांतच खऱ्याखुऱ्या विषाणूंनी याच आडोशाचा फायदा घेण्यास सुरुवात केली. ती प्रणाली काढून टाकण्यासाठी कंपनीने जे साधन दिले, त्यानेही संगणकात नवे भगदाड पडत असल्याचे निष्पन्न झाले.

नोव्हेंबरमध्ये कंपनीला तबकड्या परत घ्याव्या लागल्या. टेक्सास राज्याने दावा दाखल केला. जानेवारी २००७ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशी झालेल्या तडजोडीनुसार संगणकाचे नुकसान झालेल्या ग्राहकाला १५० डॉलरपर्यंत भरपाई देण्याचे कंपनीने मान्य केले. या प्रकरणातील विसंगती अशी, की गाणी इंटरनेटवरून फुकट उतरविणाऱ्याच्या संगणकाला यातून काही झाले नाही. त्रास झाला तो पैसे देऊन तबकडी घेणाऱ्या प्रामाणिक ग्राहकाला.

गाण्यांची कुलपे का निघाली?

ॲपलचे आयट्यून्स दुकान २८ एप्रिल २००३ रोजी सुरू झाले. एक गाणे ९९ सेंटला मिळे, पण कुलपासह. ते ॲपलच्या उपकरणांखेरीज इतरांच्या यंत्रावर सहजी वाजत नसे. मायक्रोसॉफ्ट, याहू, वॉलमार्ट यांचीही आपापली कुलपे होती. २००८ साली या दुकानांनी माल विकणे थांबवून किल्ल्यांचे सर्व्हर बंद करण्याच्या घोषणा केल्या, तेव्हा ग्राहकांना आपण काय विकत घेतले आहे याचा उलगडा झाला. संगणक बदलला, की गाण्याला नवी किल्ली लागे; आणि किल्ली देणारेच उरले नाही, तर गाणे मुके होई. एमएसएन म्युझिकचे सर्व्हर ऑगस्ट २००८ अखेर बंद होणार होते. ग्राहकांनी आवाज उठविल्यावर मायक्रोसॉफ्टने ते किमान २०११ अखेरपर्यंत चालू ठेवण्याचे आश्वासन दिले. याहूने पैसे परत देण्याची तयारी दाखविली, तर वॉलमार्टने निर्णय मागे घेतला.

वारे आधीच फिरले होते. ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी ६ फेब्रुवारी २००७ रोजी एक जाहीर निवेदन प्रसिद्ध केले. २००६ साली कुलूपबंद गाणी दोन अब्जांहून कमी विकली गेली, तर ध्वनिमुद्रण कंपन्यांनी स्वतःच तबकड्यांवरून २० अब्जांहून अधिक गाणी विनाकुलूप विकली, हा त्यांचा मुद्दा होता. चोरी थांबवायची असेल तर तबकड्यांचे काय, या प्रश्नाला उत्तर नव्हते. एप्रिल २००७ मध्ये ईएमआय ही कंपनी विनाकुलूप गाणी देण्यास राजी झाली. सप्टेंबर २००७ मध्ये ॲमेझॉनचे विनाकुलूप गाण्यांचे दुकान उघडले. जानेवारी २००९ मध्ये ॲपलने सर्वच गाण्यांवरील कुलपे काढण्याचे जाहीर केले. कुलपे निघाल्यामुळे संगीत उद्योग बुडाला नाही.

रिकामे झालेले कपाट

पुस्तकांच्या बाबतीत मात्र उलटे घडले. १७ जुलै २००९ रोजी अमेरिकेतील किंडल वाचकांना आढळले, की जॉर्ज ऑर्वेल यांची '१९८४' आणि 'ॲनिमल फार्म' ही विकत घेतलेली पुस्तके उपकरणातून नाहीशी झाली आहेत. ज्या संस्थेने ती विक्रीस ठेवली होती तिच्याकडे अमेरिकेपुरते हक्क नव्हते. हे लक्षात येताच ॲमेझॉनने दुरूनच ती पुसून टाकली आणि पैसे परत केले. नागरिकांवर सतत पाळत ठेवणाऱ्या आणि नकोसे दस्तऐवज नष्ट करणाऱ्या राजवटीचे चित्रण ज्या कादंबरीत आहे, तीच अशा रीतीने गायब व्हावी, यातील विपर्यास कोणाच्याही नजरेतून सुटला नाही. मिशिगनमधील एका विद्यार्थ्याने अभ्यासासाठी पुस्तकात केलेली टिपणे निरुपयोगी झाली; त्याने दावा केला. ॲमेझॉनचे प्रमुख जेफ बेझोस यांनी आठवडाभरात माफी मागून कंपनीचे वर्तन मूर्खपणाचे आणि अविचारी असल्याची कबुली दिली. तडजोडीत काही अपवाद वगळता अमेरिकी ग्राहकांची पुस्तके न पुसण्याचे आश्वासन कंपनीने दिले.

पैसे परत मिळाले, मग तक्रार कसली, असे कोणी विचारील. पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरला, पुस्तक घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर आपण ते चालवून घेऊ का? पुस्तक विक्रेत्याने चुकीने विकले असेल, तर तो वाद प्रकाशक आणि विक्रेत्यामधला. छापील पुस्तकाच्या बाबतीत तो ग्राहकाच्या कपाटापर्यंत पोहोचतच नाही.

मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१९ मध्ये आपले ई-पुस्तकांचे दुकान बंद केले आणि जुलैपासून विकलेली पुस्तके वाचकांच्या संग्रहातून नाहीशी झाली. पैसे परत मिळाले, टिपणे केलेल्यांना २५ डॉलर जादा मिळाले. येथे कोणाची फसवणूक नव्हती, हक्कांचा वादही नव्हता. दुकान बंद झाले, म्हणून पुस्तकेही गेली.

खेळांच्या क्षेत्रात युबिसॉफ्टच्या 'द क्रू' या २०१४ च्या खेळाचे उदाहरण ताजे आहे. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळण्याचा भागही चालेनासा झाला. यातून युरोपात 'स्टॉप किलिंग गेम्स' ही ग्राहकांची चळवळ उभी राहिली; तिच्या युरोपीय संघाकडील अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. कॅलिफोर्नियाने त्याआधीच एक साधा पण नेमका उपाय केला होता. १ जानेवारी २०२५ पासून तेथे लागू झालेल्या कायद्यानुसार, ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगितल्याखेरीज 'खरेदी' हा शब्द वापरता येत नाही. कायमस्वरूपी उतरवून घेऊन इंटरनेटविना वापरता येणाऱ्या वस्तू त्यातून वगळल्या आहेत. कुलपाला हा कायदा हात लावत नाही, पण व्यवहाराला खरे नाव द्यायला लावतो.

तार कोणाची?

वस्तूप्रमाणेच ती घरी आणणाऱ्या तारेवरही कंपन्यांचा ताबा असतो. दूरध्वनीच्या काळात अमेरिकेतील एटी अँड टी कंपनी आपल्या तारेला परके उपकरण जोडू देत नसे. टेक्सासमधील टॉम कार्टर यांनी बिनतारी संच दूरध्वनीला जोडणारे 'कार्टरफोन' नावाचे उपकरण केले, तेव्हा कंपनीने हरकत घेतली. १९६८ साली फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनने, म्हणजे एफसीसीने, जाळ्याला अपाय न करणारे उपकरण जोडण्याचा हक्क ग्राहकाला आहे, असा निर्णय दिला. पुढे उत्तर देणारी यंत्रे, फॅक्स आणि मोडेम घरोघरी आले, ते या निर्णयाने मोकळ्या झालेल्या वाटेने.

इंटरनेटच्या संदर्भात हाच प्रश्न २००७ साली आला. कॉमकास्ट या केबल कंपनीच्या ग्राहकांना बिटटॉरेंटद्वारे फाइली पाठविताना जोडणी मध्येच तुटत असल्याचे दिसले. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २००७ मध्ये बायबलची फाइल पाठवून चाचणी घेतली आणि तक्रारीत तथ्य आढळले. कंपनीची यंत्रणा दोन्ही संगणकांना परस्परांच्या नावाने जोडणी तोडण्याचा खोटा संदेश पाठवीत होती. दोन माणसे दूरध्वनीवर बोलत असताना मधल्या ऑपरेटरने एकाचा आवाज काढून दुसऱ्याला 'ठेवतो आता' असे सांगावे, तसाच हा प्रकार.

एफसीसीने १ ऑगस्ट २००८ रोजी कंपनीला हे थांबविण्याचा आदेश दिला. एप्रिल २०१० मध्ये न्यायालयाने तो रद्द केला, कारण आयोगाला तसा अधिकारच नव्हता. त्यानंतर नियमांचे जे हेलकावे सुरू झाले, ते ग्राहकाची दमछाक करणारे आहेत. २०१० च्या अखेरीस नवे नियम झाले, ते जानेवारी २०१४ मध्ये बव्हंशी रद्द झाले. फेब्रुवारी २०१५ मध्ये कडक नियम आले, डिसेंबर २०१७ मध्ये ते मागे घेण्याचे ठरले. एप्रिल २०२४ मध्ये आयोगाने ते पुन्हा आणले आणि २ जानेवारी २०२५ रोजी अपील न्यायालयाने पुन्हा रद्द केले. जनमताचीही विटंबना झाली. २०१७ साली आयोगाकडे आलेल्या सुमारे २ कोटी २० लाख प्रतिक्रियांपैकी जवळजवळ १ कोटी ८० लाख बनावट होत्या, असे न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या २०२१ च्या चौकशी अहवालात नमूद आहे. त्यांतील सुमारे ८५ लाख प्रतिक्रियांमागे ब्रॉडबँड उद्योगाने पैसा पुरविलेली मोहीम होती.

याच काळात कॉमकास्टने एनबीसी युनिव्हर्सल ही चित्रवाणी व चित्रपट कंपनी २०११ साली ताब्यात घेतली आणि २०१३ मध्ये तिची पूर्ण मालकी मिळविली. तारेचा मालक चित्रपटांचाही मालक झाला, की प्रतिस्पर्ध्याचा चित्रपट ग्राहकापर्यंत वेगाने पोहोचावा, यात त्याला रस उरत नाही.

भारतातील अनुभव

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केले. १९९८ च्या अखेरीस खासगी पुरवठादारांना परवानगी मिळेपर्यंत मक्तेदारी सरकारी होती. परदेशी दूरध्वनीचे दर अवाच्या सवा असताना इंटरनेटवरून संभाषण करण्यास मात्र १ एप्रिल २००२ पर्यंत बंदी होती. परदेशात मुले असलेल्या घरांना ही बंदी विशेष जाचली. म्हणजे नियंत्रण खासगी कंपनीचेच असते असे नाही. मक्तेदाराचे हितसंबंध सर्वत्र सारखेच.

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरील संभाषणासाठी वेगळे दर जाहीर केले आणि टीका होताच मागे घेतले. २७ मार्च २०१५ रोजी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे 'ट्राय'ने, या विषयावर मते मागविली. त्याला दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. एरवी अशा क्लिष्ट मसुद्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. एप्रिल २०१५ मध्ये 'एअरटेल झिरो' योजना आली. तीत कंपन्यांनी पैसे भरले, की त्यांची सेवा ग्राहकाला फुकट मिळणार होती. लोकक्षोभामुळे फ्लिपकार्टने त्यातून अंग काढून घेतले.

त्याच वर्षी फेसबुकची 'फ्री बेसिक्स' योजना चर्चेत आली. गरिबांना निवडक संकेतस्थळे फुकट देण्याची ही कल्पना वरवर आकर्षक होती. पण कोणती संकेतस्थळे त्या दारातून आत यायची, हे एक कंपनी ठरविणार होती. एखाद्या मराठी विद्यार्थ्याला फेसबुक फुकट आणि मराठी विश्वकोश मात्र पैसे मोजून, असा प्रसंग यातून सहज आला असता. फेसबुकने मोठी जाहिरात मोहीम चालविली आणि आपल्या सदस्यांकडून ट्रायला तयार मजकुराचे संदेश पाठविले. ट्रायने त्यावर, विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे यात नाहीत, असे कळविले. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने मजकुरानुसार वेगवेगळे दर आकारण्यास बंदी घातली. भंग झाल्यास दिवसाला ५० हजार रुपये, कमाल ५० लाख रुपये दंड ठरला. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने पुरवठादारांनी मजकूर अडविणे, मंदावणे किंवा एखाद्यास झुकते माप देणे याविरुद्धच्या शिफारशीही स्वीकारल्या. अमेरिकेत जे वीस वर्षांत स्थिर झाले नाही, ते भारतात तीन-साडेतीन वर्षांत झाले. त्यामागे वेळेवर जागे झालेल्या नागरिकांचा रेटा होता.

मात्र निश्चिंत राहण्यासारखी स्थिती नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्सची वायकॉम १८ आणि डिस्नेची स्टार इंडिया यांचे एकत्रीकरण पूर्ण झाले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये 'जिओहॉटस्टार' अवतरले. देशातील सर्वांत मोठी मोबाइल इंटरनेट कंपनी आणि क्रिकेट-मालिकांचा सर्वांत मोठा संग्रह आता एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली आहेत. समूहाने काही गैर केले, असा याचा अर्थ नव्हे. पण २०१६ चा नियम इंटरनेटच्या दरांपुरता आहे. रिचार्जसोबत कोणत्या वाहिनीचे सदस्यत्व द्यायचे, हा व्यवहार त्या चौकटीत सरळ बसत नाही. नियामकाची कसोटी यापुढे लागणार आहे.

कंपन्यांची बाजू

कंपन्यांचे म्हणणे सर्वस्वी निराधार नाही. चित्रपट प्रदर्शित होण्यापूर्वीच त्याच्या बेकायदा तबकड्या रेल्वे स्थानकाबाहेर मिळत, हे आपण पाहिले आहे. निर्मात्याला मोबदला मिळायलाच हवा. केबल आणि मनोरे उभारण्यास प्रचंड भांडवल लागते, आणि काही मोजके ग्राहक अतोनात वापर करीत असतील तर इतरांचा वेग मंदावतो, हेही खरे. महिना ठरावीक शुल्क भरून लाखो गाणी ऐकण्याची सोय अनेकांना तबकड्या विकत घेण्यापेक्षा परवडते. त्यांनी ती खुशाल घ्यावी.

आक्षेप भाड्याने देण्याला नाही. भाड्याने देऊन विकल्याचे पैसे घेण्याला आहे. वापरावर मर्यादा घालण्याला नाही, तर 'अमर्यादित' असे ठळक छापून मर्यादा बारीक अक्षरात लपविण्याला आहे. भारतात २००४ च्या धोरणानुसार सेकंदाला २५६ किलोबिट वेगाला 'ब्रॉडबँड' म्हणत. २०२३ मध्ये ही किमान मर्यादा २ मेगाबिट झाली. शब्दांना कायद्याने ठरविलेला अर्थ असला, की ग्राहकाला दाद मागता येते. 'खरेदी' आणि 'अमर्यादित' या शब्दांनाही तो मिळायला हवा.

ग्राहकाने काय पाहावे?

डिजिटल वस्तू घेताना तीन प्रश्न विचारावेत. ती उतरवून स्वतःच्या संगणकावर ठेवता येते का? विक्रेत्याचे ॲप किंवा खाते नसतानाही ती उघडते का? कंपनीने सेवा बंद केली, तर काय मिळेल हे अटींत लिहिले आहे का? तिन्ही उत्तरे नकारार्थी असतील, तर ते भाडे समजावे आणि भाड्याइतकीच किंमत द्यावी. जपून ठेवायचे पुस्तक शक्य तो छापील किंवा विनाकुलूप घ्यावे. स्वामित्वहक्क संपलेली अनेक जुनी मराठी पुस्तके विकिस्रोतावर तसेच राज्य शासनाच्या संस्थांच्या संकेतस्थळांवर मुक्तपणे उतरवून घेता येतात. स्वतः केलेली टिपणे आणि छायाचित्रे यांची एक प्रत कोणत्याही कंपनीच्या खात्याबाहेर असावी.

इंटरनेट जोडणीबाबत तक्रार असल्यास प्रथम पुरवठादाराकडे नोंदवून तिचा क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. वैयक्तिक तक्रारींचा निवाडा ट्राय स्वतः करीत नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीविरुद्ध केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे दाद मागता येते. १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे.

वरील सर्व प्रकरणांत एक गोष्ट समान आहे. गाण्यांची कुलपे निघाली, किंडलबाबत माफी मागितली गेली, भारतात इंटरनेटची समान वागणूक टिकली; यांतील एकही गोष्ट कोणत्या कंपनीने आपणहून केली नाही. बहुसंख्य ग्राहकांनी अटी न वाचता 'मान्य' म्हणायचे, हे गृहीत धरूनच हा व्यवहार चालतो. त्या अटी वाचून प्रश्न विचारणारे पुरेसे ग्राहक जेथे निघाले, तेथे कंपन्यांना अटी बदलाव्या लागल्या आहेत.